सरांच्या केबिनमधलं यंत्र

आमच्या इस्पितळात छोटं सोनोग्राफी यंत्र आलं तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले आणि ते मोठ्या सरांच्या केबिनमधल्या कपाटात कुलूपबंद केलं. खरं तर ते इमर्जन्सीसाठी घेतलं होतं. पण ट्रस्टी मंडळी भेटायला आली की सर ते बाहेर काढत आणि चहा येईपर्यंत कोणाच्या तरी पित्ताशयाचं दर्शन घडवत. इमर्जन्सीत डॉक्टर म्हणून मी ड्यूटीवर असे. यंत्र मागितलं की सरांचं गुजराती वळणाचं उत्तर ठरलेलं: "बेन, नाजूक चीज आहे. दहा हात लागले की बिघडेल." नाजूक फक्त यंत्रच असतं, असा सरांचा समज होता.

एका दुपारी नवागामच्या मजूरवस्तीतून रिक्षाने एका लूम कामगाराला, यंत्रमाग चालवणाऱ्याला, आणलं. चाळिशीचा, हाडकुळा माणूस. बायको सांगत होती, महिनाभर धाप लागत होती, अंगात ताप होता, पण खाडा पडेल म्हणून तो कामावर जात राहिला. ती बोलत असतानाच त्याची मान कलली. मानेवर बोटं ठेवली, नाडी नाही. मॉनिटरवर मात्र रेषा नीट उमटत होती. म्हणजे हृदयात वीज खेळत होती, पण रक्त पुढे जात नव्हतं. आमच्या ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, छाती दाबायला सुरुवात केली. अशा वेळी कारण शोधावं लागतं आणि ते शोधायला ते यंत्रच हवं होतं. मी वर सरांकडे निरोप पाठवला.

यंत्र आलं, पण सरांसकट. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

"थांबवा," ते ब्रदरला म्हणाले आणि छातीवर यंत्राचा प्रोब टेकवला. जेल लावायचं राहिलं. ते लावलं. मग चित्र अंधारं दिसू लागलं. मग बटणं. ब्रदर हात वर धरून उभा, आणि त्या माणसाच्या मेंदूला रक्त नाही. सर मात्र लग्नाचा फोटोग्राफर उजेड जमवतो तसे निवांत.

"सर, दाबणं चालू राहू दे. नाडी बघायला थांबू तेवढ्यातच बघायचं. चित्र साठवून ठेवा, नंतर बघता येईल."

"मला शिकवता, बेन?"

मी ब्रदरला म्हटलं, "दाब." तो दाबू लागला. सरांचा हात आपोआप बाजूला झाला.

पुढच्या वेळी नाडी बघायला थांबलो, तेव्हा सरांनी प्रोब बरोबर बरगड्यांच्या खाली धरला होता. एवढं तरी जमलं. हृदय दिसलं, जेमतेम थरथरणारं. सर म्हणाले, "काही उरलं नाही. नातेवाइकांना सांगा."

ब्रदर पुन्हा दाबू लागला. मी साठवलेलं चित्र पुन्हा लावलं. हृदयाच्या भोवती काळा जाड पट्टा होता.

"सर, हे पाणी आहे. हृदय त्यात आवळलं गेलंय."

"चरबी आहे ती."

त्या माणसाच्या अंगावर कातडीखाली बोटभर मांस नव्हतं, आणि सरांना त्याच्या हृदयाभोवती चरबी दिसत होती. वाद घालायला वेळ नव्हता. मी लांब सुई घेतली, छातीच्या हाडाखालून आत नेली आणि ओढलं. सिरिंजमध्ये लालसर पाणी आलं. ती रिकामी करून पुन्हा भरली. मग ब्रदर मानेवर बोटं ठेवून म्हणाला, "मॅडम, लागतेय."

सरांनी यंत्र पुसलं, खोक्यात ठेवलं आणि निघून गेले.

बाहेर बायको भिंतीला टेकून बसली होती. मी हिंदीत सुरुवात केली, तर तिने घरच्या बोलीत विचारलं, "बाई, त्या जित्ता शेतस ना?" जिवंत आहेत ना, असं माझ्या आईच्या तोंडच्या अहिराणीत. मी तिच्याशेजारी खालीच बसले. "शेतस वो माय. छातीमा पानी भरेल व्हतं, ते काढं."

पाणी टीबीचं निघालं. तो शुद्धीवर आला, औषधं सुरू झाली. तेवढ्यात दाराशी फलक लागला: सरांचा हसरा चेहरा, हातात यंत्र, खाली 'थांबलेल्या हृदयाला जीवदान'. फोटोत शेजारी उभं राहायला मला बोलावणं आलं होतं. पेशंट आहेत, असं कळवलं.

यंत्र पुन्हा कपाटात गेलं. मी लेखी मागणी केली, ती कुठेतरी पडून राहिली. पुढे एका ट्रस्टीच्या आई उपासाने चक्कर येऊन आमच्या बाकावर पडल्या. सर बारडोलीला लग्नाला गेले होते आणि किल्ली त्यांच्या खिशात. आजी साखरपाण्याने उठून बसल्या, त्यांना सोनोग्राफीची गरजही नव्हती. पण ट्रस्टींचा आवाज चढला आणि दुसऱ्याच दिवशी यंत्र इमर्जन्सीत आलं. एका विणकराचा जीव जाऊन परत आला तेव्हा जे हललं नाही, ते एका उपासाने हललं. आता ब्रदरही ते चालवायला शिकलाय.

तो कामगार तपासणीला येतो. गाल भरलेत. परवा विचारत होता, लूमवर कधी जाऊ? औषधं पुरी होऊ दे, म्हटलं. त्याने मान डोलावली, पण त्याची बायको मला हळूच सांगून गेली की तो लूमच्या शेठला, कामावर येतो म्हणून, फोन करून आलाय.