दारात धरलेला पाय

“रात्रीची उतरली न्हाई का रे अजून?”

स्कॅन सेंटरमधला अटेंडंट मला विचारत होता. नांदेडला, भरलेल्या दालनात, माझ्या बायकोसमोर. माझी हनुवटी लाळेनं ओली होती. उजवा हात मांडीवर आपटत होता. मी दारूला कधी शिवलो नाही. मी शाळामास्तर आहे. मला पार्किन्सन आहे. फळ्यावरचं माझं अक्षर मुंगीएवढं झालं, तेव्हा तो कळला.

मेंदूचं ऑपरेशन करता येईल की नाही, हे या स्कॅनवर ठरणार होतं. त्यासाठी आदल्या दिवसापासून गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या. गोळी नसली की माझं अंग ताठतं. वळलेली मूठ सुटत नाही. दार आलं, उंबरठा आला, की पाय जमिनीला खिळतात.

हे सगळं बायकोनं त्याला सांगितलं. त्यानं ऐकलंच नाही. सकाळी नाव घेताना त्यानं गाव विचारलं होतं.

“उमरीकडचं,” मी म्हणालो.

“गावात कुठं?”

हा प्रश्न आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. गावात कुठं, म्हणजे कोण.

“बुद्धवाड्यात.”

तेव्हापासून मी ‘अरे’ झालो होतो.

माझा नंबर आला. बायकोनं मला ओढून उभं केलं. स्कॅनच्या खोलीच्या दारापर्यंत पोचलो आणि मागून अटेंडंट ओरडला, “ए, थांब! दादासाहेबांना आधी घ्यायचंय.”

लातूरकडचे कुणी बडे गृहस्थ. पांढरे कडक कपडे. ताड ताड चालत आले. डोकं दुखतं म्हणून स्कॅन करायचा होता.

“आमचा नंबर हाय,” बायको म्हणाली. “कालपासून गोळी न्हाई त्यांना. बघा की, कसं होऊन राहिलंय.”

अटेंडंटनं त्यांच्या कानात सांगितलं, मास्तर हाय, बुद्धवाड्यातला. दादासाहेब हसले. आवाज अगदी मऊ. “मास्तर, जरा सरका. आमच्या गावातली तुमची माणसं लई समजदार हायत. त्यांना सांगावं लागत न्हाई.”

आणि मी बायकोला म्हणालो, “गप बस. सरक.”

लिहिताना लाज वाटते. पण हेच म्हणालो. बापानं मला अक्षर शिकायला पाठवलं, त्याच्या आधी सरकायला शिकवलं होतं. समोरून मोठ्या घरचा माणूस आला की वाट सोडायची, मान खाली घालायची. मी शिकलो. नोकरी लागली. वर्गात समतेचे धडे दिले. अंग मात्र बापाचंच राहिलं.

मी सरकायला गेलो. पाय उचलेना.

अटेंडंटनं खांदा धरून ओढलं. पाय हलेना. “नाटकं करतो का?” म्हणत त्यानं माझ्या नडगीवर बुटाची लाथ घातली. बायको मध्ये पडली. त्यानं तिला कोपरानं ढकललं. ती बाकाच्या लोखंडी कडेवर तोंडावर आपटली. ओठ फुटला. पदरावर रक्त सांडलं. लोक बघत होते. कुणी उठलं नाही.

हात कामाचे नव्हते. मी डोक्यानंच त्याच्या तोंडावर धडक दिली. त्याचं नाक फुटलं. त्यानं मला खाली पाडलं आणि बरगडीत लाथा घातल्या. मी उंबरठ्यावर आडवा पडलो होतो. तेवढ्यात मला ओलांडून आत जायला दादासाहेबांनी पाय उचलला.

मी तो पाय धरला.

माझ्या आज्यानं असे पाय धरले होते, पोटासाठी. बापानं धरले होते, मला शाळेत बसू द्यावं म्हणून. मी धरला तो अडवायला. घोट्याभोवती मूठ वळली. पोटात गोळी नव्हती. मूठ सुटणार नव्हती.

“सोड! सोड म्हणतो ना!” मऊ आवाज चिरकला. त्यांच्या माणसांनी माझी बोटं उचकटली. करंगळी मोडली. मी किंचाळलो, पण पाय सोडला नाही. बाकांवरच्या लोकांनी आता मोबाइल काढले होते. दादासाहेबांनी ते पाहिलं. “घ्या, घ्या ह्यालाच आधी,” ते म्हणाले.

बायकोनं एकेक बोट सोडवून माझी मूठ उघडली. आत माझं डोकं पट्ट्यांनी बांधलं. मशीन कानाशी घण घालत राहिलं. बरगडी ठणकत होती. स्कॅन पुसट आला. मी हललो म्हणे. पुन्हा करावा लागणार, पुन्हा गोळ्या बंद ठेवून.

परतीच्या जीपमध्ये बायको ओठावर पदर दाबून बसली होती. उमरी येईपर्यंत एकदाच बोलली. “त्यानं ढकललं, ते कळलं मला. तुमी मला गप का म्हणलात?”

 

आम्ही पोलिसात तक्रार दिली आहे. मागं घ्या, असे निरोप येऊन राहिलेत. घेणार नाही. लोक म्हणतात, स्कॅन लातूरला करा, नांदेडच्या त्याच सेंटरवर परत कशाला जाता? तिथंच जाणार. ‘गावात कुठं?’ असं त्या अटेंडंटनं विचारलं तर बायको सांगेल, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं. मी तिला गप करणार नाही. आणि कुणी सरका म्हणालं, तर त्या दिवशी माझे पाय चालत असले तरी मी हलणार नाही.