डाव्या बाजूला टक्स नव्हते

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ म्हणते, "अहो, ब्लाउज घ्या आणि निघा!" येरवड्यात घरीच वीस वर्षं शिवणकाम करतेय, असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. तरी हे लिहितेय... कारण मनात ठेवून जड झालंय.

माझ्या थोरल्या बहिणीला, सुमनताईला, डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले – फक्त गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून मग रेडिएशन, नाहीतर सगळा स्तनच काढायचा. "तुमच्या बाबतीत दोन्हींनी जगण्याची शक्यता सारखीच. मात्र गाठच काढली आणि काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तर पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. ठरवा तुम्ही."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी फटकन बोलले, "गाठच काढ गं. उगाच सगळं कशाला घालवतेस?" जन्मभर माझं काही न ऐकणारी ताई म्हणाली, "बरं, तू म्हणतेस तसं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ताईच्या लेकीच्या साखरपुड्यासाठी ताईचा ब्लाउज शिवला. मापाला तिचाच जुना ब्लाउज समोर होता. हुक लावायला उलटा केला आणि बघते तर... छातीला गोलाई देणारे टक्स उजवीकडे बरोबर. डावीकडे एकही नाही! सपाट – आणि आतून अस्तराचा कप्पा, वरून उघडा. असा कप्पा मी जन्मात शिवला नव्हता. टाके मात्र माझेच.

आता डॉक्टरांना काय सांगणार, ब्लाउज म्हणतोय सगळंच काढा? वेड्यात काढलं असतं. साड्यांच्या खाली कोंबून टाकला.

रिपोर्ट आला. कडेला पेशी होत्या. दुसरं ऑपरेशन – या वेळी सगळा स्तन. माझ्या एका वाक्यापायी ताईने दोनदा सोसलं.

साखरपुड्याच्या सकाळी तिने ब्लाउज मागितला. दवाखान्याच्या धावपळीत दुसरा शिवलाच नव्हता... तोच दिला. ऑपरेशननंतर मिळालेलं स्तनाच्या आकाराचं पॅड तिने कप्प्यात सरकवलं. नेमकं बसलं. कित्येक दिवसांनी ती पदर न ओढता आरशासमोर उभी राहिली.

"कधी शिवलास गं?"

"परवाच," मी खोटं बोलले.

आता ऑपरेशन झालेल्या बायका माझ्याकडे येतात. कप्पा शिवते, उसवते, परत शिवते. तितका सुबक एकदाही जमलेला नाही. त्या दुपारी कसा जमला, काही कळत नाही. ताई मात्र ज्याला त्याला कौतुकाने सांगते, "माझ्या बहिणीला सांगावंच लागलं नाही हो, तिला आपोआप कळलं." मी मान खाली घालून मशीन चालवत राहते.