उलटा काढून पाहिलेला बाण

डॉ. निर्मला गांगुर्डे यांची ओळख झाली ती लेखासाठी तगादा लावताना. नाशिकच्या एका नर्सिंग महाविद्यालयात त्या प्राध्यापक, मी तिथल्या संशोधनपत्रिकेचा संपादक. "मॅडम, छपाई अडलीय," म्हटलं, तर म्हणाल्या, "अजून दोन शंका आहेत. दुसऱ्या कुणाचा लेख घ्या." घ्यावा लागला.

कशामुळे काय घडतं हे बाणांच्या आकृतीत मांडायचं आणि आकडे तिला दुजोरा देतात का ते पाहायचं, अशा संशोधनपद्धती पारखणं हा त्यांचा विषय. मुळात त्या वॉर्डात काम केलेल्या परिचारिका. आकडे जुळले एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही.

त्यांची विद्यार्थिनी मनीषा हिनं एका खासगी रुग्णालयात बेडसोअरचा, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमांचा अभ्यास केला. ज्या रुग्णांना परिचारिका वारंवार कुशीवर वळवतात, त्यांनाच जखमा अधिक, असं निघालं. व्यवस्थापनानं लगेच परिचारिका कमी करण्याचा प्रस्ताव तयार केला.

मॅडमनी मनीषाची आकृती पाहिली; बाण वळवण्याकडून जखमेकडे जात होता. "बाण उलटा काढ बाळा."

"मॅडम, तरी आकडे तसेच जुळतायत."

"वॉर्डात आपण जास्त कुणाला वळवतो?"

"ज्यांची कातडी लाल व्हायला लागलीय, त्यांना," म्हणत मनीषानं उलटा बाण ठळक केला.

जखमेची चाहूल लागली म्हणून वळवणं वाढलं होतं. मॅडमनी हे व्यवस्थापनाला समजावलं आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. मग त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर मॅडमकडे येऊन म्हणाल्या, "आता लिहूनच टाका, सिस्टर वाढवल्या की जखमा घटतात."

"या आकड्यांवरून नाही लिहिता येणार."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"तुमच्याच. उद्या कुणी हे खोडून काढलं, तर पुढच्या वेळी तुमचं ऐकेल कोण?"

सिस्टर चहा न घेताच गेल्या.

मनीषाला अभ्यास पुन्हा करावा लागला. तिची टर्म वाया गेली. मॅडम पंचवटीतल्या घरून रिक्षानं तिच्याबरोबर वॉर्डात जात राहिल्या. या वेळी वळवण्याआधी प्रत्येकाच्या कातडीची नोंद घेतली आणि सारख्या अवस्थेतल्या रुग्णांचीच तुलना केली. वेळेवर वळवलेल्यांना जखमा कमी, असं दिसलं. तेव्हा मॅडमनी लिहून दिलं. वॉर्डात नव्या सिस्टर आल्या, आणि इन्चार्ज सिस्टर मॅडमकडे चहाला.

मॅडमची साठी पूर्ण होत आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. ते आमच्या शुभेच्छांमुळे लाभलं, असं मात्र आम्ही कुठे लिहिणार नाही. त्या पुरावा मागतील.