तेलाच्या वाटीतल्या अक्षता

मला तेलचोर ठरवणारा शेट आता मेलाय. मेलेल्याविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

हातखंब्याजवळ त्याची भातगिरणी होती, आणि मी तिथल्या ऑइल इंजिनावर मिस्त्री. शाफ्टच्या बेअरिंगवर पितळेची तेलाची वाटी असते. बुडाला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब तेल आत उतरतं. दर आठवड्याला वाटी काढायची, रॉकेलने धुवायची, भोकातून तार फिरवायची. एवढं केलं की इंजिन माणसापेक्षा इमानाने चालतं.

खंडेनवमीला इंजिन बंद. पूजेला शेट स्वतः बसला. मी म्हटलं, "शेट, हळदकुंकू वरून लावा. वाटीचं झाकण उघडू नका."

"आता तू मला पूजा शिकवणार?" म्हणाला. मी घरी गेलो.

दसऱ्यानंतर वाटी काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि इंजिन सुरू केलं. भोकात तार फिरवली नाही, तेवढी माझी चूक. तासाभरात बेअरिंग तापलं, जळका वास सुटला आणि आतला पांढरा धातू वितळून खाली ठिबकला.

बाहेर नव्या भाताची पोती घेऊन लोक उभे होते. त्यांच्यासमोर शेट ओरडला, "तेल विकून खाल्लंस, मेल्या! इंजिन कोरडं चालवलंस!"

माझं डोकं फिरलं. मिस्त्री दारुडा असला तरी त्याला काम मिळतं. तेलचोर म्हटलं की रत्नागिरीपासून दाभोळपर्यंत कुणी इंजिनाजवळ उभं करत नाही.

"तेल विकलं, तर ही वाटी भरलेली कशी?" म्हणत मी वाटी काढून सगळ्यांसमोर उपडी केली आणि भोकात तार घातली. तीन अक्षता निघाल्या. तेलाने माखलेल्या, कुंकवाने लाल. झाकण उघडून यानेच वाहिलेल्या! मी त्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

त्याने त्या कपाळाला लावल्या. "देवाच्या अक्षता, पायदळी येतील," म्हणाला, आणि विहिरीत सोडून आला. मग लोकांकडे वळून म्हणाला, "बघितलंत? चोरी करतो आणि देवावर ढकलतो."

चोर तो चोर, वर शिरजोर! लोकांनी तर डोळ्यांनी बघितलं होतं. पण प्रत्येकाला आपलं भात भरडून हवं होतं. एकजात सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून उभे.

"नवा धातू ओत, बेअरिंग बसवून दे, आणि मग चालता हो," शेट म्हणाला.

धातू ओतायचा, शाफ्टला काजळ फासून फिरवायचा, बेअरिंगवर जिथे काळं उमटेल तिथे खरवडायचं, पुन्हा फासायचं. चार दिवसांचं काम. मी हत्यारं गुंडाळली आणि निघालो.

गिरणी दिवाळीपर्यंत बंद राहिली. गप्प बसलेल्यांच्या बायका घरोघरी भात कांडत बसल्या. बरं झालं, असं मला म्हणता आलं नाही. माझी बायकोही कांडत होती, त्याच लोकांचं भात, मजुरीने. मला कुणी इंजिनाला हात लावू देत नव्हतं.