कोपर असलेला खांब

खेळाच्या तासाला ज्या पोराला सूट असते, त्याच्यावर शाळेचा राग असतो असं नाही. त्याचं करायचं काय, हे तिला कळत नाही एवढंच. वर्गात एकटं ठेवलं तर ते कुणाचा तरी डबा खाईल. मैदानावर आणलं तर नुसतं बसून राहील, आणि रिकामं बसलेलं पोर ज्याला बघवेल असा मास्तर अजून जन्माला यायचाय. म्हणून मग त्याला कामं लावतात. आमच्या शाळेत सूटवाल्यांनी चिंचेखाली बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या, माठ भरायचा, मैदानात घुसलेल्या शेळ्या हाकलायच्या, आणि सरांना चहाची तल्लफ आली की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून किटली आणायची. म्हणजे डॉक्टरांनी ज्याला विश्रांती सांगितली, त्याचीच तासभर सगळ्यांत जास्त वणवण व्हायची. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटायचं नाही.

आमची शाळा नारायणगाव-जुन्नर रस्त्यापासून जरा आत, दोन द्राक्षबागांच्या मधे होती. नव्वदच्या दशकात मी तिथं सहावीत होते. त्या वर्षी थंडीत मला ताप आला आणि जाता जाईना. आज गुडघा सुजायचा, तो उतरला की मनगट. नारायणगावच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि आईला सांगितलं, "सांधेवाताचा ताप आहे. हृदयाच्या झडपेला थोडी झळ लागलीय. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन द्यायचं. पळणं, उड्या मारणं सध्या बंद. पुढचं पुढं बघू."

आईनं त्यातलं 'सध्या' ऐकलं नाही आणि 'पुढचं पुढं'ही ऐकलं नाही. तिनं फक्त 'बंद' ऐकलं. त्या दिवसापासून मी शाळेतून आले की ती आधी माझ्या छातीवर हात ठेवायची. टोमॅटो निवडून हिरवट, चिकट झालेला तो हात मला अजून आठवतो.

"खेळाच्या तासाला काय केलं गं?"

"बसले व्हते."

"पळाली न्हाईस ना?"

"न्हाई."

"मंग बरंय."

तिला बरं होतं, माझं मात्र आत जळत होतं. आमच्या शाळेत खेळ म्हणजे खो-खो. त्याला बॅट लागत नाही, बॉल लागत नाही, पंपानं हवा भरावी लागत नाही. दोन खांब, ओंजळभर फक्की आणि पोरी असल्या की झालं. तापाआधी मी चांगली पळायचे. आता माझ्याच मैत्रिणी माझ्यासमोर पळत होत्या आणि मी त्यांच्या चपलांवर बसणाऱ्या माश्या हाकलत होते. देवाचा, डॉक्टरांचा आणि शेळ्यांचा मला सारखाच राग यायचा.

त्यातून मला बाहेर काढलं ते एका चोरीनं. तिला चोरी म्हणायचं की नाही यावर गावात दुमत होतं. मैदानावरच्या दोन खांबांपैकी एक खांब गावच्या जत्रेत मंडपाला म्हणून नेला, तो परत आलाच नाही. तो कुठं आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एका द्राक्षबागेच्या कोपऱ्यात तो मांडवाला टेकू देत उभा होता. पण बाग शाळा समितीच्या अध्यक्षांची होती, त्यामुळे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? सरांनी खांबाच्या जागी आधी विटा रचल्या, त्या ढासळल्या. मग ऑफिसातली खुर्ची ठेवली, तिचा पाय मोडला आणि मुख्याध्यापक मोडलेला पाय हातात घेऊन मैदानात आले. ते परत गेल्यावर सर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी चिंचेकडं पाहिलं.

आमचे खेळाचे सर हिंदीही शिकवायचे. मैदानावर ते अस्सल गावरान बोलायचे आणि वर्गात शिरले की एकदम दूरदर्शनवर गेल्यासारखे.

"ए पोरी, इकडं ये. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलीय का?"

"न्हाई सर."

"मग तिथं उभी राहा. सूट पळण्याला असती, मैदानाला नसती. हलायचं न्हाई. तू खांब."

अशी मी खांब झाले. ते किल्ल्याकडचं टोक होतं. लांबवर शिवनेरी दिसायचा, त्याच्याकडं पाठ करून मी उभी राहायचे. खो-खोत पाठलाग करणारीला अधेमधे मागं फिरता येत नाही. खांब गाठायचा, त्याला वळसा घालायचा, तेव्हा कुठं दिशा बदलते. त्यामुळे दर थोड्या वेळानं कुणीतरी जिवाच्या आकांतानं माझ्याकडं पळत यायची आणि मला धरून वळायची. सुरुवातीला पोरी हाताला येईल ते धरायच्या. खांदा, फ्रॉकचा पट्टा, एकदोनदा वेणीसुद्धा. वेणी ओढली गेली की मी किंचाळायचे आणि सर ओरडायचे, "खांब बोलत नसतो!"

वेणी वाचवायला म्हणून मी कोपर पुढं काढायला लागले. पळत येणारीनं त्यात आपला हात अडकवायचा, मी टाचा रोवून मागं झुकायचं, की ती गोफणीतल्या दगडासारखी पलीकडं सुटायची. आठवड्याभरात आमचं असं जमलं की किल्ल्याकडच्या टोकाला पळणारीची धडगत नसायची. आमची कर्णधार, सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांची मुलगी, सावज मुद्दाम माझ्या बाजूला रेटत आणायची. "खांबा, आले गं!" असं ती लांबूनच ओरडायची. मी पळत नव्हते, पण तिचा सगळा वेग माझ्या हातातून जायचा. मी खेळात होते. त्या दिवसांत मला दुसरं काहीही नको होतं.

"आज काय केलं गं?" आई विचारायची.

"उभी व्हते." त्यात काय खोटं होतं?

पण कोपर काळंनिळं पडलं आणि ते तिला अंघोळीच्या वेळी दिसलं. "उभं राहून कोपर कसं फुटतं गं?" मग सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी ती टोमॅटोचं काम टाकून थेट मैदानावर आली.

"सर, माझी पोरगी काय लाकूड हाय व्हय?"

सर हिंदीच्या तासालाही इतके चाचरले नसतील. "ताई, ती पळत नाय, नुसती उभी... तुमी बघा तर खरं."

आई पदर खोचून चिंचेखाली बसली आणि पूर्ण डाव बघत राहिली. मी खांबाला शोभेल असं तोंड करून उभी होते. आई नको म्हणाली की माझ्या वाट्याला परत चपला आणि शेळ्या. डाव संपल्यावर ती उठली आणि सरांना म्हणाली, "खांब हुंद्या. पण खांब उन्हात उभा करू नका. डोक्याला फडकं बांधा, आन कोपराला बी." तेव्हापासून आमच्या मैदानाचा एक खांब डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा असायचा. बघणारे हसायचे. हसेनात का.

पुढच्या हिवाळ्यात तालुक्याच्या स्पर्धा जुन्नरला होत्या. सरांनी मलाही जीपमध्ये कोंबलं. "खांब मागं ठेवून संघ कसा जाईल?" ते म्हणाले. खरं तर पाण्याची कळशी सांभाळायला कुणीतरी हवं होतं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, याबद्दल मी त्यांना आजही मानते.

जुन्नरच्या मैदानावर शिवनेरी अगदी समोर होता. दोन्ही टोकांना रंधा मारलेले, गुळगुळीत खांब ताठ उभे. आमच्या पोरी जीव तोडून पळाल्या. अलीकडच्या टोकाला त्यांचं वळणं बघत राहावं असं होतं. आणि किल्ल्याकडच्या टोकाला गेल्या की काय व्हायचं कुणास ठाऊक, एकीचाही हात खांबावर पडेना. आमच्या कर्णधारानं सावज बरोबर त्या कोपऱ्यात रेटलं, ती पूर्ण वेगात आली, खांबाच्या हातभर अलीकडंच हवेत दंड अडकवला आणि गुडघ्यांवर आपटली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. बघणाऱ्यांत हशा पिकला.

"आरं, ती पोरगी हवेला मिठी मारती का काय!"

सरांनी कपाळाला हात लावला. मग हळूच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. कळशीपाशी बसल्या जागी माझं कोपर पुढं आलेलं होतं आणि टाचा मातीत रुतल्या होत्या.

आम्ही सपाटून हरलो. परतीच्या जीपमध्ये, अर्ध्या वाटेवर, सोललेल्या गुडघ्यावर फुंकर मारत कर्णधार म्हणाली, "सर, तिथल्या खांबाला कोपर नव्हतं हो." आधी सरच हसले. मग सगळी जीप हसली. मीही हसले, पण पुढं काय होणार हे मला तेव्हाच कळलं होतं.

जुन्नरचं हसू गावात पोचलं आणि गावातून अध्यक्षांपर्यंत. त्यांनी लाज वाटून की काय, स्वतः खांब मोटारसायकलवर आडवा टाकून आणून दिला. सरांनी तो किल्ल्याकडच्या टोकाला पुरला, भोवती दगड ठोकले. मला कुणी काढलं नव्हतं, फक्त खरा खांब आला होता. त्यात भांडायला कुणीच नव्हतं, म्हणून मी शेळ्यांशी भांडले. सरांनी मला शिट्टी देऊ केली, पंच हो म्हणाले. मी नको म्हटलं. ज्यानं वेग हातात धरलाय त्यानं शिट्टी काय फुंकायची? माझ्या तोंडचा घास गेला होता आणि मला कुणी समजावलेलंही नको होतं.

आठवीत गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. "झडप छान आहे. आता पळू दे हिला. इंजेक्शनं मात्र चुकवायची नाहीत." आईनं त्यांना परत एकदा ऐकायला लावलं. त्यांनी ऐकलं. तरी ती दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन सरांना सांगून गेली, "पळवा, पण जपून." पळवायचं आणि जपायचं एकाच वेळी कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवशी मी चौकोनात बसले. कर्णधाराचा पाय मुरगळलेला होता, म्हणून ती लंगडत मैदानाच्या कडेनं फिरत होती. पाठीवर थाप पडली, "खो!" आणि मी उठून पळाले. पायांना सवय नव्हती, ते माझे नसल्यासारखे पडत होते. समोरची पळणारी किल्ल्याकडं गेली, मी तिच्या मागं. खांब जवळ येत गेला तशी मला धडकी भरली. इतके दिवस खांब झाले होते, पण मला स्वतःला वळता येईल की नाही याचा विश्वास नव्हता.

मग मला ती दिसली. कर्णधार खांबाला पाठ लावून उभी होती. डोक्याला कुणाचा तरी टॉवेल गुंडाळलेला, चांगल्या पायाची टाच मातीत रोवलेली, आणि कोपर पुढं.

"धर गं, खांबा!"

मी हात अडकवला. ती मागं झुकली आणि मी सुटले. समोरची काही हाती लागली नाही, तो भाग वेगळा. नियमानं सरांनी शिट्टी वाजवायला हवी होती. पण सर पाठ फिरवून शेळ्या हाकलत होते. त्या दिवशी मैदानात एकही शेळी नव्हती.

घरापर्यंतही मी पळतच गेले. आई दारात होती. तिनं नेहमीसारखा छातीवर हात ठेवला.

"आज काय केलं गं?"

"पळाले."

तिचा हात तिथंच होता आणि त्याच्याखाली माझं काळीज उड्या मारत होतं. मला वाटलं, आता परत 'बंद'.

"लई धडधडतंय," ती म्हणाली. मग हात न काढताच म्हणाली, "धडधडू दे."