तीन घरांचा शब्द

आमच्या शाळेत मराठी शिकवणारे मल्लिकार्जुन मास्तर मूळचे गडहिंग्लजकडचे. मूलबाळ नव्हतं. बायको बसव्वा बावन्न साली काविळीनं गेली आणि शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत मास्तर एकटे उरले. मी शेजारच्या वर्गावरचा मास्तर. सांगतो ते पाहिलेलं सांगतो.

तिकडं पुण्यात काही मंडळी बोलीतल्या शब्दांचा कोश करत होती. मास्तर त्यांना शब्द पाठवायचे. छापील चिठ्ठी असायची: शब्द, अर्थ, वाक्य, आणि खाली तीन वेगळ्या घरांतली, आज तो शब्द बोलणारी तीन माणसं. तीन घरं भरली नाहीत तर शब्द घेत नसत. बसव्वाचा एक शब्द कोशात गेलाच पाहिजे, असं मास्तरांनी मनावर घेतलं.

पिसुळं. उसाचा तुरा पिसुळा, कार्तिकातला विरळ ढग पिसुळा, कोंबडीच्या पिल्लाची लव पिसुळी. वाक्य त्यांनी बसव्वाचंच घातलं: "फुकलं की हलतंय आन आत कणा न्हाय, ते पिसुळं." म्हणजे मोराचं पीस त्यात बसत नाही, त्याला कणा असतो.

पहिल्या घरासमोर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. उरली दोन. त्यासाठी ते बसव्वाच्या माहेरी जाऊन आले. तिच्या सख्ख्या भावानं, अण्णासोनं, मान हलवली. "आमच्यात असलं कायबी म्हणत न्हाईत, दाजी. लग्नाआधी तिच्या तोंडातबी न्हवतं."

मी म्हणालो, "दोन नावं ठोका आणि पाठवा. पुण्याहून बघायला कोण येतंय?" चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं गंगावेशीच्या बाजारात गेलो. तिथं गवताचे भारे विकणारी चिमणाबाई म्हणाली, "व्हय, आमी म्हणतो की पिसुळं." मास्तरांनी लगेच तिचं नाव लिहिलं. मग सवयीनं विचारलं, कशाकशाला म्हणता? तिनं गवताचा तुरा दाखवला. मास्तर खूश. तेवढ्यात एक फकीर मोरपिसांचा कुंचा घेऊन समोरून गेला.

"आन त्ये बी पिसुळंच," चिमणाबाई म्हणाली.

मास्तरांनी तिचं नाव खोडलं.

"तुमचं तोंड बघवंना, म्हणून म्हटलं मी," ती म्हणाली. "आता शिकवा की नीट. उद्यापास्नं म्हणीन."

"शिकवलेला साक्षीदार चालत नाही, चिमणाबाई."

मला त्यांचा मनस्वी राग आला. हाती आलेलं घर असं घालवायचं, म्हणजे तेलही गेलं नि तूपही गेलं. परतताना त्यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "घरात आम्ही दोघंच. तिनं तो शब्द आमच्यापुरता केला असणार." हे ऐकून माझा राग कुठल्या कुठं गेला.

दारात कुलूप काढायच्या आधी त्यांनी चिठ्ठी पुन्हा बाहेर काढली आणि पहिल्या घरासमोरचं स्वतःचं नावही खोडलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बोलणारा माणूस पाहिजे त्यांना," मास्तर म्हणाले. "मी बोलतो कुठं? कुणाशी बोलू?"