मिलमधली पिल्लं

भोंगाकाका कानात बोलले तरी ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. लग्न होऊन मी साताऱ्याहून इंदूरला, राजेंद्र नगरात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडची गर्जना ऐकून दचकून उठले. वाटलं, शेजारच्या नवरा-बायकोचं चांगलंच जुंपलंय. सासूबाई शांतपणे चहा गाळत होत्या. "भांडण नाही गं," त्या म्हणाल्या, "काका काकूंना विचारताहेत, पोह्यांत साखर टाकली का म्हणून."

त्यात काकांचा दोष नव्हता. त्यांची सगळी हयात कापड मिलच्या साचेखात्यात गेली होती. कापड विणणारे ते सगळे साचे एकदम खडखडायला लागले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही म्हणे. काका तिथे जॉबर होते. एका रांगेतले साचे आणि ते चालवणारी माणसं त्यांच्या ताब्यात. घरी आल्यावर आवाज खाली आणायचा असतो, हे त्यांना कधी सुचलंच नाही. कॉलनीनं मिलच्या भोंग्यावरून त्यांना नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "हा आवाज मिलनं नाही दिला, सूनबाई," ते मिशांवरून हात फिरवत मला सांगायचे. "खानदानी आहे. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते." आतून काकूंचा बारीक आवाज यायचा, "बँडमध्ये होते."

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. त्याच सुमारास आमच्या गल्लीत केबलच्या तारा आल्या, कोपऱ्यावर एसटीडीचं काचेचं खोपट उभं राहिलं, आणि ऑफिसात कॉम्प्युटर आला म्हणून आमचे हे पेढे घेऊन घरी आले. त्या पेढ्यांचा डबा शेजारी न्यायचा की नाही, यावर सासूबाईंनी आणि मी बराच खल केला आणि शेवटी नेला नाही. काका मात्र रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सायकलवर फाटकापाशी जायचे. बाकीचे तिथे धरणं धरून बसलेले असायचे. कुणी हळहळलं की काका अस्सल इंदुरीत खेकसायचे, "बंद नाही झाली. थांबली आहे. फरक आहे ना भिया!"

चौकीदारानं एकदा त्यांना आपलं सामान न्यायला आत सोडलं. सामान म्हणजे जेवणाचा डबा, जुन्या चपला आणि कामावरचे खाकी शर्ट. दुपारी ते परतले तेव्हा सायकलच्या हँडलला तेलाचा रिकामा डबा लटकत होता, त्यावर शर्ट बांधला होता आणि आतून फिस्स फिस्स असा आवाज येत होता. मला साप वाटला. माझा स्वभाव आधीच चौकस; भाजी गॅसवर तशीच टाकून मी भिंतीवरून डोकावले. काकांनी शर्ट जरासा सरकवला. डब्याच्या तळाशी मांजराची तीन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. मुठीएवढे जीव, पण माझ्याकडे असं बघत होते की मीच दोन पावलं मागे सरले.

सुताला लावायच्या खळीत पीठ असतं. त्या पिठासाठी मिलमध्ये उंदीर यायचे आणि उंदरांसाठी मांजरं. ती कुणाची नव्हती. कँटीनमधून त्यांना पोळीचे तुकडे पडायचे, एवढंच. कँटीन बंद झालं, आणि सुन्या आवारात भटकी कुत्री शिरली. "आई नाही राहिली यांची, चौकीदार सांगत होता," काका म्हणाले. "विणायच्या धोट्यांच्या पेटीत लपून बसले होते तिघं. आता यांना माणसात आणायचं आणि चांगल्या घरी द्यायचं. जल्दी करायला लागेल. एकदा मोठी झाली की हात नाही लावू देत, फिर कोणी घेत नाही. मग काय, परत कुत्र्यांसमोर सोडायची?"

एवढं बोलून त्यांनी डबा घरात नेला, मीही मागोमाग गेले. आत त्यांनी मोठ्या मायेनं डब्यात वाकून हाक मारली, "अरे माझ्या राजांनो!" राजांनी उड्या मारल्या. एक पडद्यावर चढलं, एक गव्हाच्या कोठीमागे गेलं आणि काळं होतं ते काकांचं मनगट ओरबाडून मोरीत घुसलं. काका मोरीच्या दाराशी रक्त पुसत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती. आपला आवाज कसा आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या त्या रडकुंडीला येऊनच. "अहो, यांचा आवाज गेला. सकाळपासून एक शब्द नाही. आधी मिल गेली, आता आवाज पण गेला. डॉक्टरला बोलावू का?" सासूबाई आणि मी तशाच धावलो. मागच्या लहान खोलीत काका जमिनीवर मांडी घालून बसले होते, कोठीकडे पाठ करून. आम्हाला बघताच त्यांनी तळवा खाली दाबला, मग दोन बोटं हलवली, मग ओठ मोठे करून न उच्चारताच काहीतरी सांगितलं. आम्हाला कळेना. मागाहून उलगडा झाला, की साचेखात्यात सगळी अशीच बोलतात. दोरा तुटला, साचा थांबव, तेल आण, चहाला चल, सगळं हातांनी आणि ओठांनी. काकूंनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तुम्हाला गप्प राहून बोलता येत होतं? आणि माझ्यावर जन्मभर ओरडलात?"

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या भिंतीपलीकडे सामसूम होती. माझं सगळं लक्ष तिकडे. काका खोलीत बसून वर्तमानपत्र वाचायचे, पान उलटायचे तेही हळूच. अंगावरचा खाकी शर्ट पिल्लांच्या खोक्यात घालायचे आणि दुसऱ्या दिवशी बदलायचे, म्हणजे वासाची ओळख होते. बोटाला साय लावून हात मागे जमिनीवर ठेवून द्यायचे. एकदा मी दाराशी उभी राहून पाहिलं: पांढरं पिल्लू कोठीमागून निघालं, थांबलं, परत गेलं, परत निघालं, आणि शेवटी त्या बोटाला नाक लावून पळालं. काका हलले नाहीत, पण आनंदानं त्यांचे कान लाल झाले होते.

"त्यांच्याकडे बघायचं नाही," अंगणात आल्यावर ते मला समजावून सांगायचे. बाहेर आले की आवाज पुन्हा पूर्ववत. "डोळ्यात डोळे घातले की त्यांना वाटतं, हा खाणार. पाठ करून बसलं की वाटतं, हा कोण आहे, बघू तर. डर मोठा असतो, पण बघायची हौस त्याच्यापेक्षा मोठी असते. आता स्वतःचंच घे ना, भाजी जळली तरी भिंत सोडत नाहीस." हे मात्र खरं होतं.

पहिली दोन पिल्लं लवकरच माणसाळली. त्यांना काकांनी नावं ठेवली नव्हती. नाव घरवाले ठेवतील म्हणायचे. ओळखण्यापुरतं पांढऱ्याला पहिली पाळी, पट्ट्यावाल्याला दुसरी पाळी आणि दिवसा तोंड न दाखवणाऱ्या काळीला रातपाळी म्हणत. मागणी करायला लोक यायचे आणि ते मुलगी बघायला आल्यासारखी काका त्यांची उलटतपासणी घ्यायचे. एका किराणावाल्यानं सांगितलं, दुकानात उंदीर फार झालेत, म्हणून मांजर पाहिजे. काका उठून उभेच राहिले. "कामासाठी पाहिजे? मग नाही. काम संपलं की काढून टाकाल तुम्ही." किराणावाला गेल्यावरही ते बराच वेळ दाराकडे बघत उभे होते. शेवटी पांढरी डेअरीवाल्याच्या आईनं नेली आणि पट्ट्यावाला एसटीडीच्या खोपटात गेला. तिथे तो टेलिफोनवर झोपायचा. त्याला उठवायला लागू नये म्हणून लोक पुढच्या चौकातल्या दुसऱ्या बूथवर जायचे.

राहिली रातपाळी. तिनं सगळ्यांत जास्त वेळ घेतला, आणि मानलं तर असं मानलं की काकांच्या शर्टात शिरून झोपायला लागली. पण फक्त काकांच्याच. काकू दारात दिसल्या की कोठीमागे. मी गेले की फिस्स. काका सुरुवातीला हे कौतुकानं सांगायचे. साचेखात्याची रीतच तशी होती: ज्याचा साचा त्याचाच हात, दुसऱ्यानं त्याला शिवायचं नाही. त्याच रीतीनं त्यांनी पिल्लं सांभाळली होती. खाणं तेच देणार, खोलीत तेच बसणार, काकूंना आत मज्जाव. पहिली दोघं मुळात धीट, ती कुणाकडेही गेली. रातपाळीला मात्र माणूस म्हणजे एवढा एकच हात, अशी समजूत झाली.

तेवढ्यात देपालपूरच्या एका धान्य व्यापाऱ्याचं बोलावणं आलं. त्याच्या गोदामावर देखरेख करायची, आवारातच राहायला खोली. काकांनी आठवडाभर कुणाला काही सांगितलं नाही. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, सायकल बाहेर काढली आणि परत आत नेऊन ठेवली. भिंतीपाशी येऊन मला म्हणाले, "मिल नाही उघडणार, सूनबाई." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मग ते म्हणाले, "पण तिथं मालकाची दोन कुत्री आहेत. मोकळी फिरतात. हिला नेता नाही येणार."

मला वाटलं, आता म्हणतील, तू ठेव. ते तसं म्हणाले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "मीच चूक केली. माझी जिंदगी एका मिलमध्ये गेली, दुसरीकडे कसं राहतात ते शिकलोच नाही. हिला पण तसंच केलं. आता मी गेल्यावर ही खाणार नाही." मग मीच म्हणाले, "काका, मला शिकवा." का म्हणाले कुणास ठाऊक. मांजर पाळायची मला हौस नव्हती. पण त्या काळीच्या मनात काय चाललंय, हे कळल्याशिवाय मला आता चैन पडणार नव्हतं.

मग शिकवणी सुरू झाली. काकांचा खाकी शर्ट मी साडीवर चढवला. तो माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. आधी मी काकांच्या शेजारी बसायची, मग ते दारात जायचे, मग अंगणात. तिकडून खिडकीतून हातांनी सांगायचे: थांब, हळू, बोट पुढे, आता बघू नको. मला सगळ्या खुणा पाठ झाल्या. रातपाळी मात्र शर्ट ओळखायची, हात ओळखायची नाही. साय वाळून जायची. माझ्या पायाला मुंग्या यायच्या. एकदा चिडून मी म्हणाले, "जाऊ दे काका, ही नाही यायची." खिडकीतून खूण आली, तळवा खाली: थांब.

सामान बांधून झालं होतं तेव्हाची गोष्ट. टेम्पो दुपारी येणार होता. मी पाठ करून बसले होते आणि कंटाळून हातातल्या ब्लाउजला तुटलेलं बटण शिवत होते. दोरा हलत होता. अचानक माझ्या कोपराखालून एक काळा पंजा आला आणि दोऱ्यावर पडला. मी हलले नाही. पंज्यामागून डोकं आलं, मग सगळी रातपाळी माझ्या मांडीवर, दोऱ्याच्या मागे. मी खिडकीकडे पाहिलं. काका तिथे होते. त्यांनी यावेळी कुठलीच खूण केली नाही. नुसते उभे राहिले आणि मग बाजूला झाले, म्हणजे ते तिला दिसू नयेत. जाताना निरोप घ्यायलाही ते त्या खोलीत आले नाहीत. काकूच रडत माझ्या गळ्यात पडल्या.

आम्ही तिचं नाव चिमी ठेवलं. काही दिवस तिनं खाकी शर्टावर काढले, मग तो धुवायला गेला तो तिनं परत मागितला नाही. दिवाळीनंतर काका-काकू देपालपूरहून आले. काकांच्या अंगाला गव्हाचा वास येत होता. चिमी सासूबाईंच्या मांडीवर होती. तिनं डोळे उघडले, काकांकडे नीट पाहिलं, आळस दिला, उठून आमच्या ह्यांच्या वर्तमानपत्रावर जाऊन बसली.

"विसरली का हो?" काकूंनी विचारलं.

"नाही. ओळखलं तिनं," काका म्हणाले. "पण आता जरूरत नाही राहिली. बरोबर झालं काम."

"मग घ्या की जरा उचलून. एवढे लांबून आलात."

"नको," ते म्हणाले. "तिची सवय सुटली आहे. माझी नाही सुटली अजून."

पुढे ते अधूनमधून येत राहिले, पार म्हातारे होईपर्यंत. चिमी पुष्कळदा आपणहून त्यांच्या पायांत घोटाळायची. ते दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहायचे आणि ती तिथून जाईपर्यंत पाऊल हलवायचे नाहीत.